तळमजला वगळून

लालासाहेब माने बावीस वर्षं सैन्यात होते, पण त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा पेनच जास्त राहिलं. वडूजपासून दोन कोसांवरचं त्यांचं गाव. तिथून भरती झालेल्या पोरांत त्यांचं अक्षर सगळ्यांत देखणं, म्हणून साहेबांनी त्यांना ऑफिसात बसवलं आणि निवृत्तीपर्यंत ते तिथून उठले नाहीत. रजेचे अर्ज, बदल्यांचे हुकूम, पगाराची बिलं. आणि वर्षाकाठी एकदोनदा, गेलेल्या जवानाच्या घरी पाठवायचं पत्र. तसलं पहिलं पत्र लिहिताना त्यांना दोनदा कागद बदलावा लागला होता. पुढं मजकूर पाठ झाला. नाव, नंबर, तारीख तेवढी बदलायची. "कागद झाला की माणूस मोकळा," असं त्यांचे सुभेदार म्हणत. लालासाहेबांना ते पटलं होतं. पटवून घेतल्याशिवाय त्या खुर्चीत बसणंच शक्य नव्हतं.

निवृत्तीच्या पैशातून त्यांनी सांगलीत कर्नाळ रस्त्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. श्रीकृपा अपार्टमेंट; तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला चार, अशी सोळा घरं. त्यांचं घर अगदी वर. त्यांची बायको शालन लग्न होऊन आली तेव्हापासून टँकरच्या रांगेत उभी राहिलेली. गॅलरीतून लांबवर नदीकाठच्या झाडांची रेघ दिसली तेव्हाच तिनं जागा पसंत केली होती. मुलगा यशराज शिकून पुण्याला नोकरीला लागला. लालासाहेब एका कॉलेजच्या ऑफिसात काही वर्षं जात राहिले, मग तेही सोडलं. अक्षर आणि कागद हातातलेच, म्हणून अपार्टमेंटच्या लोकांनी त्यांना चेअरमन केलं. गावाकडं निवृत्त जवानाला सगळे मेजरच म्हणतात, तसं इथंही सगळे त्यांना मेजर म्हणत.

तळमजल्यावर जिन्याला लागून गुंडाअण्णा चौगुले राहत. एसटीच्या डेपोत जन्मभर इंजिनं खोललेला माणूस. हात काळे ते काळेच राहिले होते. बायको लीलाबाई, आणि पलूसला दिलेली एकुलती एक लेक अंकिता. अण्णांनी वरचा मजला न घेता तळमजला घेतला तो लीलाबाईंच्या गुडघ्यांसाठी, आणि थोडा स्वस्त पडला म्हणूनही. बिल्डरनं सांगितलं होतं, २००५ सारखा पूर शंभर वर्षांतनं एकदा येतो.

तो चौदा वर्षांनी आला. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि श्रीकृपाचा तळमजला छतापर्यंत बुडाला. अण्णा आणि लीलाबाई वर लालासाहेबांच्या घरी राहिले, नऊ दिवस. शालन आणि लीलाबाई एका गॅसवर सगळ्या इमारतीचा भात शिजवत. पाचव्या दिवशी शालनला दम्याचा त्रास सुरू झाला. औषध संपलेलं. होडी गल्लीच्या तोंडाशी यायची, पण विजेच्या तारांमुळं आत शिरेना. लालासाहेबांना पोहता येत नव्हतं. त्यांच्या गावात पोहण्याइतकं पाणी कधी साठलंच नाही, आणि सैन्यात ते कारकून. अण्णांनी वर येताना आणलेली एसटीच्या टायरची जुनी ट्यूब काढली, फुगवली, शालनला तिच्यात बसवलं आणि स्वतः पोहत, ट्यूब ढकलत होडीपर्यंत नेलं. लालासाहेब जिन्याच्या कठड्याला धरून बघत राहिले. त्या वेळी आपल्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यांना नंतर कधीच आठवलं नाही. एवढंच आठवायचं, की पाण्यावरून कुणाचा तरी लाल डबा वाहत गेला होता.

पाणी ओसरल्यावर लालासाहेबांनी पहिलं काम केलं ते अपार्टमेंटचा विमा. तोवर इमारतीचा विमा कुणी काढलाच नव्हता. एजंट रविराज नावाचा चटपटीत, पण सरळ माणूस होता. दोन वर्षांनी, एकवीसच्या जुलैत पुन्हा कमरेच्या वर पाणी आलं, तेव्हा त्या विम्यातून तळमजल्याचा गिलावा, वायरिंग, मीटरचं पॅनेल आणि पडलेली कंपाउंडची भिंत एवढं उभं राहिलं. घरातल्या सामानाचं काही मिळालं नाही, कारण तो विमा भिंतींचा होता. तरी अण्णा म्हणाले, कागदाचा उपयोग झाला मेजर. लालासाहेबांना त्या दिवशी बरं वाटलं होतं.

पण एकदा पैसे दिले म्हटल्यावर कंपनीनंही इमारतीकडं नीट बघितलं. दरवर्षी हप्ता चढत गेला. वरच्या मजल्यावरचे लोक आधी कुरकुरत भरायचे, मग उशिरा भरायला लागले, मग दोघातिघांनी भरलेच नाहीत आणि लालासाहेबांनी मुदतीच्या शेवटच्या दिवशी पदरचे घालून तारीख सांभाळली. मग एका मे महिन्यात रविराज दोन कागद घेऊन आला. एकात सगळं होतं: आग, भूकंप, वादळ, पूर. त्याचा हप्ता गेल्या सालापेक्षा जवळजवळ दुप्पट, सुरुवातीच्या सालापेक्षा पाचपट. आणि तरीही नुकसानीचा पहिला मोठा वाटा मालकांनीच सोसायचा. दुसऱ्या कागदात पूर वगळलेला होता. तो हप्ता सोळा घरांत वाटला तर कुणाला कळलाही नसता.

"मधला काही नाही का?" लालासाहेबांनी विचारलं.

रविराजनं मान हलवली. दोन वेळा पाण्यात गेलेली इमारत आहे, मेजर, तो म्हणाला. दुसऱ्या दोन कंपन्यांनी तर पत्ता वाचून फोन ठेवला.

रविवारी सकाळी गच्चीवर बैठक भरली. एक घर कुलूपबंद होतं, मालक पुण्याला. बाकी पंधरा घरांची माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकून बसली होती. लालासाहेबांनी दोन्ही कागद वाचून दाखवले. समोरच्याच दाराचे भाऊसो बोलायला उठले. भाऊसोंची बायको आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिसला जायची. तिला रिक्षातून न्यायचं आणि आणायचं हेच त्यांचं काम होऊन बसलं होतं. आवाज न चढवता ते म्हणाले, "माझ्या घरात पाणी यायचं तर आधी सगळी सांगली जायला पाहिजे. मी न्हाई म्हणत न्हाई, मेजर. पण आणू कुठनं?"

कुणी म्हणालं, तळमजल्यानं पुराचा जादा हप्ता वेगळा भरावा. चार घरांत तो वाटला तर अण्णांच्या सहा महिन्यांच्या पेन्शनएवढा होत होता. पहिल्या मजल्यावरचे तिघे म्हणाले की असं तोडू नका, एकोणीसला पाणी आमच्या पायरीपर्यंत आलं होतं. मग बराच वेळ सगळे एकदम बोलले. अण्णा शेवटी बोलले, बसूनच.

"आमी खाली ऱ्हातो हा काय गुन्हा न्हाई. तुमी वर ऱ्हाता ह्योबी न्हाई. काय ठरवायचं ते ठरवा."

हात वर करायचं ठरलं. पूर धरून विमा घ्यावा म्हणणारे सात: तळमजल्याचे चार, पहिल्या मजल्याचे तीन. पूर वगळा म्हणणारेही सात. मोजणारे लालासाहेब स्वतः, आणि पंधरावं मत त्यांचं. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

त्यांनी हिशेब आधीच केलेला होता. महाग विमा ठरवला तर निम्मे लोक भरणार नाहीत, मुदत टळेल, आणि मग आगीचाही विमा राहणार नाही. सगळं जाण्यापेक्षा थोडं गेलेलं बरं. या विचारात चूक काढायला जागा नव्हती. त्यांनी पूर वगळण्याच्या बाजूनं हात वर केला, खाली घेतला, आणि वहीत आठ विरुद्ध सात असं लिहिलं. लिहिताना अक्षर जराही हललं नाही. अण्णा उठले, चपला पायात सारल्या आणि कठडा धरून जिना उतरले. लीलाबाई बैठकीला आल्या नव्हत्या.

शालन घरात भाकरी थापत होती. काय ठरलं ते तिनं विचारलं, लालासाहेबांनी सांगितलं.

"तुमचा हात कुनीकडं?"

"वगळायच्या."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. पुढं तिनं काही विचारलं नाही; ना त्या दिवशी, ना नंतर. जेवायला वाढलं, ताक दिलं, औषधाची गोळी हातावर ठेवली. लालासाहेब आपल्याला वाईट वाटायची वाट बघत होते. सैन्यात असतानाही असं व्हायचं, पत्र गेल्यावर दोनतीन दिवसांनी कधीतरी घास उतरायचा नाही. या वेळी आठवडा गेला तरी काही झालं नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती. गुडघा दुखला की दुखल्याचं कळत होतं.

मग ते कुणाला न सांगता रविराजच्या ऑफिसात गेले. म्हणाले, चौगुल्यांच्या एका घराचा वेगळा विमा काढा, पुरासकट. हप्ता मी देतो. माझ्या नावावर करा, त्यांना कळायला नको.

रविराजनं खुर्ची पुढं ओढली. "नाही करता येत, मेजर. ज्या घराच्या बुडण्यानं तुमचं काही बुडत नाही, त्या घराचा विमा तुम्हाला काढता येत नाही."

त्यानं काही मुद्दाम लावून म्हटलं नव्हतं. नियम सांगितला होता. अण्णांनी स्वतः काढला तर एखादी कंपनी बघेल, पैसे तुम्ही त्यांच्या हातात द्या, असंही तो म्हणाला.

पैशांचं पाकीट घेऊन लालासाहेब दोन दिवसांनी तळमजल्यावर गेले. अण्णांच्या घरात एकवीसनंतर भिंतीच्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगच दिला नव्हता, नुसतं सिमेंट. पलंगाच्या जागी लोखंडी खाट, कपाट भिंतीवर उंच ठोकलेलं. लीलाबाईंनी पाण्याचा तांब्या ठेवला. लालासाहेबांनी पाकीट पुढं केलं आणि कशासाठी ते सांगितलं. अण्णांनी ते उघडलं नाही, पण परतही ढकललं नाही. खाटेवर दोघांच्या मध्ये ते पडून राहिलं.

"औंदा द्याल," अण्णा म्हणाले. "फुडच्या साली?"

लालासाहेबांनी तांब्या उचलून दोन घोट घेतले.

"हप्ता दरसाली वाडतोय. तुमी दरसाली खाली येनार, मी दरसाली घेनार. मग जिन्यात गाठ पडली तर मी तुमच्याकडं कसं बगायचं?" त्यांनी पाकीट उचलून लालासाहेबांच्या शर्टाच्या खिशात घातलं. "ऱ्हाऊ द्या मेजर. च्या घ्या."

लालासाहेबांनी चहा घेतला आणि वर आले.

त्या साली ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या यायला लागल्या. सवयीप्रमाणं लोक मोबाइलवर पुलाची पातळी बघत, आणि चाळीसच्या पुढं आकडा गेला तसं तळमजल्याची माणसं सामान वर न्यायला लागली. शालननं हॉलमधला सोफा भिंतीला लावून जागा केली आणि स्वतः खाली गेली. दहा मिनिटांनी एकटीच वर आली.

"शाळंत चाललेत," ती म्हणाली. महापालिकेनं शाळेत सोय केली होती. "लीलावैनी म्हनल्या, जिना चढवत न्हाई आता. अण्णा म्हनले, तितं जेवान चांगलं असतंय." मग ती म्हणाली, "रिक्षा बोलवलीय. तुमी खाली जाऊन पिशव्या तरी उचला."

लालासाहेब गेले. रिक्षात दोन पिशव्या, गॅसची टाकी आणि देवांची लाकडी पेटी ठेवली. अण्णांनी टाकी घट्ट बांधली का ते हलवून बघितलं, डेपोत बसचं चाक बघावं तसं. रिक्षा निघाली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गटाराचं पाणी उलटं यायला लागलेलं होतं.

त्या खेपेला पाणी फार चढलं नाही. तळमजल्यात मांडीपर्यंत आलं, तीन दिवस थांबलं आणि गेलं. वर्तमानपत्रात सांगली वाचली असं आलं. तळमजल्याच्या चार घरांत वीतभर गाळ, फुगलेली दारं, पुन्हा वायरिंग. लालासाहेबांनी तरीही अर्ज केला. तीन पानी, फोटोंसकट. उत्तर दोन ओळींचं आलं. त्यांनीच सही केलेल्या कागदाचा नंबर त्यात दिला होता.

अंकिता आणि तिचा नवरा पलूसहून टेम्पो घेऊन आले. त्यांनी गाळ काढला, उरलेलं सामान भरलं. जाताना लीलाबाई शालनला भेटायला वर आल्या. एकेक पायरी चढून, दोनदा बसून. दोघी स्वयंपाकघरात होत्या. काय बोलल्या ते बाहेर ऐकू आलं नाही. शालन त्यांना खालपर्यंत सोडून आली आणि ओट्यावरची कोरडीच भांडी पुन्हा पुसत बसली.

अण्णांनी घर विकायला काढलं. बघायला चौघे आले. तिघांनी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघा बघितल्या आणि चहासुद्धा न घेता गेले. चौथ्याला पसंत होतं, पण बँक म्हणाली, पुराचा विमा नसलेल्या तळमजल्यावर कर्ज देता येणार नाही. शेवटी मांडववाल्यानं भाड्यानं मागितलं. त्याचा माल म्हणजे लोखंडी पाइप, पत्रे आणि मोठी पातेली. पाणी आलं तर आलं, धुऊन घेता येतं, असा त्याचा हिशेब. त्यासाठी अपार्टमेंटचा ना हरकत दाखला लागत होता, आणि त्यावर अण्णांची सही. टपालानं पाठवता आला असता. लालासाहेब एसटीनं पलूसला गेले.

अंकिताच्या घरामागं पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. अण्णा बाहेर पोत्यावर बसून कुणाच्या तरी शेतातली पाण्याची मोटर खोलत होते. त्यांनी वर बघितलं, हात चिंधीला पुसले, "या मेजर" म्हणाले आणि आत हाक मारली. लीलाबाईंनी शालनची चौकशी केली, दम्याची केली, भाऊसोंच्या बायकोची केली. भाऊसोंची बायको दिवाळीच्या आधी गेल्याचं लालासाहेबांनी सांगितलं. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, त्यांच्या घरातलं आलं घातलेलं लोणचं मला लय आवडायचं.

सही झाली. कागद घडी करून पिशवीत गेला. एवढ्यावर उठायला हरकत नव्हती, पण लालासाहेब बसून राहिले. मग त्यांनी एकदम म्हटलं, कागदावरचं वाचत असल्यासारखं, "अण्णा, त्या दिवशी माझं मत..."

अण्णांनी मोटरमधला एक बेअरिंग काढून उजेडात धरला. "वरच्या मजल्याव असतो तर म्याबी त्योच हात केला असता," ते म्हणाले. "ह्याच्यावर लय इचार करू नगा. मी करत न्हाई." बेअरिंग त्यांनी रॉकेलच्या वाटीत टाकला. "एक मात्र सांगतो. तुमी हात वर केल्यावर वहीत लिवलं. तवा खाली बगून लिवलं. तेवडं बगायला पायजे हुतं माज्याकडं."

लालासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. आता बघून काय होणार होतं. अण्णाही बघत होते, रागानं नव्हे, लोभानंही नव्हे. समोरून येणारी गाडी ओळखीची आहे का बघावं तसं. अंकितानं पिशवीत शेंगा घालून दिल्या. स्टँडवर सोडायला तिचा नवरा आला.

घरी आल्यावर शालननं विचारलं, कसे आहेत. बरे आहेत, त्यांनी सांगितलं. मोटर दुरुस्त करतात, वैनींचे गुडघे तसेच आहेत. अण्णा काय म्हणाले तेही सांगितलं, शब्द न बदलता. ती शेंगा फोडत ऐकत होती. "बरोबर हाय त्यांचं," एवढंच म्हणाली आणि टरफलं सुपात गोळा केली. लालासाहेबांना वाटलं, आता काहीतरी होईल. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. नदीकाठची झाडं होती तिथं होती. आत येऊन ते पाणी प्याले.

चेअरमनपदाचा राजीनामा त्यांनी दिला होता. तो कुणी घेतला नाही. एवढं नीटनेटकं कोण लिहिणार, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि त्यांनीही हट्ट धरला नाही.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा गच्चीवर खुर्च्या लागल्या. तळमजल्याच्या चारांतली दोन घरं आता रिकामी किंवा भाड्यानं होती, तिसऱ्याचा मालक आला नाही. विमा हा विषय चौथा होता. गच्चीची गळती, टाकीची सफाई आणि गेटचं कुलूप यांवर तासभर बोलणं झालं. विम्यावर झालं नाही. रविराजनं एकच कागद आणला होता. कुणी दुसरा मागितला नाही. भाऊसो शेवटच्या खुर्चीत बसले होते, आता कुठंच न्यायचं-आणायचं नसलेले, आणि त्यांनीही मान हलवली.

खाली मांडववाल्याचा टेम्पो आला होता. पाइप एकेक करून अण्णांच्या हॉलमध्ये टाकत होते, त्याचा खणखणाट जिन्यातून गच्चीपर्यंत येत होता. कुणाचंच बोलणं नीट ऐकू येईना, तेव्हा जिन्याचं दार लावून घ्या, असं कुणीतरी म्हणालं आणि कुणीतरी ते लावलं.

लालासाहेबांनी वही मांडीवर घेतली आणि लिहिलं: विषय क्रमांक चार, पूर वगळून, एकमताने मंजूर. खाली सही केली, तारीख घातली. मग मान वर करून एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, सगळ्यांच्या, डावीकडून उजवीकडं. कुणाचं लक्ष नव्हतं. पाचवा विषय वॉचमनच्या पगाराचा होता. त्यांनी पान उलटलं.